निर्यात कापडाची तपासणी : दोष रंगाचा की सुईचा?

अ‍ॅझो रंगांचा अहवाल कापड निर्यातदारांना नवा नाही. जर्मनीने १९९४ साली घातक अ‍ॅझो रंगांवर बंदी आणली, भारत सरकारने १९९७ साली. युरोपात आज प्रत्येक निषिद्ध अमाइनची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. आकडा त्यावर गेला की माल अडकतो. म्हणून हा आकडा कसा निघतो, हे व्यापाऱ्यानेही जाणून घ्यावे.

कापडाचा अर्क छोट्या कुप्यांत भरून ट्रेमध्ये ठेवतात. यंत्राची सुई कुपीच्या झाकणातील रबरी पडदा भेदते, ठरावीक थेंब ओढते व तपासणी यंत्रात सोडते. हे काम करणारा भाग म्हणजे ऑटोसॅम्पलर. तो बिघडला की रंगारी नाहक बदनाम होतो किंवा वाईट माल पास होऊन परदेशी बंदरात पकडला जातो.

बिघाडाची लक्षणे ओळखता येतात. आकडा एकदम शून्यावर आला, तर सुईत रबराचा कण अडकला असेल, सुई वाकली असेल किंवा कुपीत अर्क कमी असेल. एकाच कुपीचे आकडे दर वेळी निराळे येत असतील, तर सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा, झिजलेला दट्ट्या किंवा गळका जोड शोधावा. कोऱ्या द्रावणातही अमाइन दिसले, तर आधीच्या नमुन्याचा अंश सुईवर राहिला आहे. धुण्याच्या द्रावणाची बाटली पाहावी. यंत्र मध्येच थांबत असेल, तर ट्रे नीट बसला आहे का, झाकण तिरपे आहे का, ते तपासावे. एका वेळी एकच भाग बदलावा, म्हणजे खरा दोष सापडतो. चालू यंत्रात हात घालू नये.

दुरुस्तीनंतर एकच प्रमाणित द्रावण लागोपाठ सहा वेळा चालवावे. आकडे जुळले आणि त्यानंतरची कोरी कुपी स्वच्छ निघाली, तरच यंत्रावर भरवसा ठेवावा.

अहवालाबद्दल शंका आली, तर प्रयोगशाळेला दोनच प्रश्न विचारावेत : आमच्या नमुन्याआधी कोरी कुपी चालवली होती का? प्रमाणित द्रावणाचे आकडे जुळले होते का? त्याच कापडाचा तुकडा फेरतपासणीसाठी जपून ठेवावा. पास करून देणारी प्रयोगशाळा शोधत फिरणे हा इलाज नव्हे. यंत्र ठीक असून आकडा तोच आला, तर दोष रंगाचाच समजावा आणि रंग बदलावा.