पाचवीतून थेट सातवी? नीटचा वयाचा नियम आधी बघा

हुशार मुलाला शाळेने एक इयत्ता गाळून वर घेतलं की घरात पेढे वाटले जातात. पण त्याला डॉक्टर व्हायचं असेल, तर आधी जन्मतारीख बघा. नीट-यूजीसाठी प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे 2026 साठी जन्म 31 डिसेंबर 2009 किंवा त्याआधीचा हवा. 1 जानेवारी 2010 चा असेल, तर अभ्यास कितीही पक्का असो, थांबावंच लागतं. वाचवलेलं वर्ष तिथेच जातं!

सहा पूर्ण करून पहिलीत गेलेलं मूल एक इयत्ता गाळूनही या नियमात बसतं. जेमतेम पाच पूर्ण होताच शाळेत घातलेलं अडकतं. इंजिनीअरिंगचं तसं नाही. जेईई मेनला वयाची अट नाही, बारावीचं वर्ष पाहतात.