कॅटाल्डोचे जुने मिशन

अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या उत्तरेकडे, कोर डलेन नदीकाठच्या एका गवताळ टेकडीवर येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेले जुने मिशन चर्च उभे आहे. १८५० ते १८५३ या काळात बांधलेली ही राज्यातील सर्वांत जुनी शिल्लक इमारत. आराखडा एका इटालियन जेझुइट धर्मगुरूचा. पण लाकूड तासणारे, दगड वाहणारे आणि माती लिंपणारे हात मुख्यतः इथल्या मूळनिवासी शित्सुमश लोकांचे. फ्रेंच भाषक व्यापाऱ्यांनी त्यांना कोर डलेन म्हटले आणि सरकारदरबारी तेच नाव रूढ झाले.

जमातीच्या मौखिक परंपरेनुसार, काळ्या झग्यातील माणसे येणार असल्याचा दृष्टान्त सर्कलिंग रेव्हन या प्रमुखाला अठराव्या शतकातच झाला होता. १८४२ मध्ये बेल्जियन जेझुइट प्येर-जाँ डी स्मेट या भागात आले आणि त्याच वर्षी निकोला प्वाँ यांनी सेंट जो नदीकाठी पहिले मिशन सुरू केले. तिथे पुराचे पाणी वारंवार शिरे, म्हणून १८४६ मध्ये मिशन आताच्या टेकडीवर हलवण्यात आले.

चर्चचा आराखडा फेरारा येथे जन्मलेल्या अँटोनियो राव्हाली यांचा. वैद्यक, शिल्प आणि सुतारकाम या तिन्हींत त्यांना गती होती. हाताशी मात्र कुऱ्हाडी, गिरमिट, दोर, कप्प्या अशी मोजकीच हत्यारे होती. सुमारे ९० फूट लांब आणि ४० फूट रुंद अशी ही इमारत मुळात खिळ्यांशिवाय उभी राहिली. तुळया आणि खांब लाकडी खुंट्यांनी जोडले गेले. दर्शनी बाजूचे सहा भव्य खांब म्हणजे तासून गोल केलेली झाडांची खोडे. भिंती कोकणातल्या कुडासारख्या: लाकडी सांगाड्यात बारीक फोकांचे विणकाम, त्यात गवत आणि वर मातीचा जाड थर. पुढे बाहेरून फळ्या ठोकल्याने ही रचना झाकली गेली. मात्र आत भिंतीचा एक भाग पाहणाऱ्यांसाठी मुद्दाम उघडा ठेवला आहे. या वास्तूचे खरे मोल तिथेच कळते.

आतली सजावटही टंचाईतून घडलेली आहे. वेदी लाकडाची, पण रंगवली अशी की संगमरवराचा भास व्हावा. पुतळे राव्हालींनी चाकूने कोरले. झुंबरे पत्र्याच्या डब्यांतून कापून केली. छताचा निळा रंग हकलबेरीच्या रसाचा असल्याचे सांगतात. युरोपातील मोठ्या चर्चचे वैभव इथल्या रानातल्या वस्तूंतून उभे करण्याची ही धडपड थक्क करणारी आहे.

या कथेला दुसरी बाजूही आहे. मिशनने लोकांना शेती आणि वास्तुकला दिली, तसेच जुने विधी आणि ऋतूनुसार फिरण्याची रीत सोडायलाही सांगितले. १८५८ च्या मे महिन्यात शित्सुमश आणि शेजारच्या जमातींनी अमेरिकी लष्करातील कर्नल स्टेप्टो यांच्या तुकडीला माघार घ्यायला लावली. त्यानंतर कर्नल जॉर्ज राइट सूड घ्यायला आले. त्यांनी शेकडो घोडे मारले आणि सप्टेंबरमध्ये याच मिशनवर जमातीशी तह केला. १८७० च्या दशकात जमातीसाठी राखीव ठरवलेल्या प्रदेशाच्या हद्दीबाहेर मिशन राहिले. ज्यांनी चर्च बांधले, तेच १८७७ मध्ये दक्षिणेला डी स्मेट गावाकडे गेले. पुढच्या दशकात वरच्या खोऱ्यात सोन्या-चांदीच्या खाणी निघाल्या आणि खाणींतला शिसेमिश्रित गाळ नदीतून वाहत मिशनच्या पायथ्याच्या सपाटीपर्यंत साचला.

इमारत पडण्याच्या बेतात असताना १९२८ मध्ये तिची डागडुजी झाली. १९६१ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि सत्तरच्या दशकात मोठे जीर्णोद्धाराचे काम झाले. जेझुइट जोसेफ कॅटाल्डो यांचे नाव गावाला आणि मिशनलाही चिकटले आहे. आज मालकी कोर डलेन जमातीची असून राज्याचा उद्यान विभाग व्यवस्था पाहतो. शेजारच्या दालनात डी स्मेट आणि रॉकी पर्वतातील मूळनिवासी यांच्या भेटीवरचे कायमस्वरूपी प्रदर्शन आहे. मारियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, १५ ऑगस्टच्या सुमारास, जमातीचे लोक दरवर्षी इथे एकत्र जमून मिस्सा साजरी करतात.