भारी पानं आली, आता चाल की चेक?

पोळ्याच्या सुमारास वऱ्हाडात पत्ते पिसले जातात ते बहुधा तीन पत्तीसाठी. तीन पत्तीत थांबून बघायची सोय नाही. चाल द्या, नाहीतर पॅक व्हा. 22,100 संभाव्य हातांपैकी ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, फक्त 52. ती आली की चेहरा सांभाळायचा, एवढंच.

पोकरमध्ये मात्र ‘चेक’ असतो, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे सरकवणं. मग भारी हात दाबून ठेवायचा मोह होतो. लिमिट पोकरमध्ये तो बहुतेक वेळा महागात पडतो. इथे लावायची रक्कम ठरलेली असते. टेक्सस होल्डेममध्ये शेवटच्या दोन फेऱ्यांत ती दुप्पट होते. तीन पानं उघडल्यावर चेक केलं, तर समोरच्याला चौथं पान फुकटात. त्याच्याकडे एका रंगाची चार पानं असतील, तर न दिसलेल्या 47 पैकी 9 पानं त्याच्या कामाची, जवळपास 19 टक्के. तुम्ही लावलं तरी गडी येणारच, पण पैसे मोजून! चेक करावं ते मागचा हमखास लावणारा असेल आणि आपल्याला वाढवायचं असेल तेव्हा. किंवा चारही राजे आपलेच असतील तेव्हा.

महाराष्ट्रात पैशांच्या जुगाराला 1887 चा प्रतिबंधक कायदा आडवा येतो. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. गोव्यातल्या कॅसिनोंची गोष्ट वेगळी.