मरणाचे वय

माणसाचे वय वाढते तशी मृत्यूकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते, हे मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमातले एक सर्वमान्य प्रकरण आहे. मी ते दरवर्षी शिकवतो. मारिया नागी या संशोधिकेने बुडापेस्टच्या परिसरातील ३ ते १० वर्षांच्या मुलांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला. अगदी लहान मुलाला मरण म्हणजे दूर कुठे तरी जाणे वाटते. पुढे मरण ही जणू कोणी व्यक्ती होते, ती येऊन माणसाला घेऊन जाते. नऊच्या सुमारास मुलाला कळते की मरण सर्वांना आहे, आपल्यालाही आहे. एरिक एरिक्सनने १९५० साली मांडले की, जगलेले आयुष्य आपले म्हणून स्वीकारता आले तर म्हातारपणी मृत्यूचे भय उरत नाही. नाही आले तर निराशा घेरते. हे भय मध्यम वयात तीव्र असते व वार्धक्यात ओसरते, असेही नंतरच्या काही अभ्यासांत दिसले.

हे सारे खोटे आहे, असे माझे म्हणणे नाही. पण या मांडणीत वय एकटेच काम करताना दिसते. आणि आपल्या देशात वय कधीच एकटे नसते, त्याच्यासोबत जात असते.

म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथाच्या प्रास्ताविकात नाकारली आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर ही दृश्ये पाहिलीच नव्हती, हे कसे शक्य आहे? असा त्यांचा साधा सवाल आहे. गृहत्यागाचे कारण ते शाक्य आणि कोलिय यांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंट्यात पाहतात. जिथे मूल शाळेची पायरी पाहण्याआधी प्रेत पाहते, तिथल्या माणसाला हा सवाल चटकन सुचावा यात मला नवल वाटत नाही. (आणि पाण्याचा तंटाही त्यालाच महत्त्वाचा वाटणार!)

मयताचा सांगावा परगावी पोचवणे, सरणाची लाकडे वाहणे, मेलेले ढोर ओढणे ही गावकीची कामे महारांची. प्रेतावरचे कापड हा त्यांचा ‘हक्क’. माझा आजा दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून बापाबरोबर सांगावा घेऊन रात्री-बेरात्री कोस-कोस चालत जाई. ज्या वयात नागीच्या मुलांना मरणाची अटळता नुकती उमगत होती, त्या वयात मरण त्याच्या वाट्याला काम म्हणून आले. दारापासून अंतर राखून निरोप द्यायचा आणि भाकरी मिळेतो बाहेर बसायचे. “रडं थांबल्याबिगर भाकर कोन देनार?” असे तो हसत सांगे. मेलेली ढोरे ओढू नका, असे १९२७ साली महाडच्या परिषदेने बजावले होते. वतन कायद्याने जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

आज्याला मरणाचे भय नव्हते, हे आमच्या घरात अभिमानाने सांगतात. हा अभिमान तपासून पाहिला पाहिजे. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ सगळे बत्तिशीत मरत होते असा नव्हे. पाळण्यातली मरणे इतकी होती की सरासरी खाली ओढली जाई. ज्याच्या पाठची तीन भावंडे अशीच गेली, त्याने मरणाचे भय बाळगायचे ते कशाच्या बळावर? एरिक्सनचा स्वीकार आणि हे सोसून आलेले बधिरपण बाहेरून सारखेच दिसते. आतून ते एक नाही.

भय आमच्या पिढीत आले. माझ्यासारखे पहिल्या पिढीतले पदवीधर प्राध्यापक स्टाफरूममध्ये रक्तदाब आणि विम्याचे हप्ते यांवर बोलतात. ‘मला काही झाले तर’ हे वाक्य आमच्या घराण्यात पहिल्यांदा मी उच्चारले. त्यासाठी मागे गमावण्यासारखे काही असावे लागते. या भयाची मला लाज वाटत नाही.

मात्र आयुष्याची वाटणी अजून सारखी नाही. नऊ राज्यांतील (महाराष्ट्र त्यांत नाही) २०१०-११ च्या माहितीवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी भरले. केवळ गरिबीने हा फरक पुरता उलगडत नाही.

म्हणून वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या मित्रांना एक सांगावेसे वाटते. म्हातारे माणूस “माझं झालं आता” म्हणाले की आपण ती समाधानी वृत्ती समजून गप्प बसतो. माझी आत्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू असताना हेच म्हणत होती. खोदून विचारले तेव्हा कळले, नातीच्या फीचे पैसे मोडतील ही तिची धास्ती. खर्च फारसा नाही हे पटल्यावर ती तयार झाली. आता विहारात पुढे बसून कोण आले, कोण नाही, ते पाहते. आणि गुडघ्यांसाठी कोणता डॉक्टर बरा, असे मला दर आठवड्याला विचारते.