नीट लांबली, पण शिकण्याचा खरा काळ तोच होता

२०२० ची नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षा, आधी ३ मे रोजी ठरली होती, मग कोविडमुळे २६ जुलै, आणि शेवटी झाली १३ सप्टेंबरला. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट होऊ पाहणाऱ्या कितीतरी मुलांचे हे महिने नुसते एमसीक्यू सोडवण्यात गेले, याची मला मनापासून खंत वाटते.

त्याच मे महिन्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा कॉन्टॅक्ट ट्रेसिंगचा, म्हणजे रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचा, कोर्स कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर मोफत आला. साधारण सहा तासांचा! रुग्ण कधीपासून संसर्ग पसरवू शकतो, क्वारंटाइन आणि आयसोलेशनमध्ये फरक काय, हे त्यात होतंच. मला त्याहून मोलाचा वाटतो तो संवादाचा भाग: घाबरलेल्या माणसाशी फोनवर कसं बोलायचं, रुग्णाचं नाव न सांगता संपर्कातल्यांना सावध कसं करायचं. पुढे ओपीडीत रोज लागणारं हे कौशल्य नीटच्या अभ्यासक्रमात कुठेच नाही.

एमसीक्यूपलीकडचं दुसरं काम म्हणजे रक्तदान. लॉकडाऊनमध्ये शिबिरं थांबली, पण थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त लागतंच. प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस टिकतात. अठरा पूर्ण झालेल्या निरोगी विद्यार्थ्यांनी तेव्हा रक्तपेढीत जाणं ही मोठी मदत होती.

आणि शेजारच्या आजींना ऑक्सिमीटर नीट लावून देणं: नेलपॉलिश काढायचं, हात ऊबदार हवेत, बोट हलवायचं नाही. रुग्णसेवेची सुरुवात अशीच होते.

घरात बारावीचं कुणी असेल, तर पोस्ट त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा.