अंगणातील मांसल झाडे : उन्हात तगतात, पावसात कुजतात

आपल्याकडे दाराच्या चौकटीला कोरफड उलटी टांगण्याची रीत आहे. दृष्ट लागू नये म्हणून ती टांगतात. तिला माती नाही, पाणी नाही, तरी ती महिनोन्‌महिने हिरवी राहते. मग हीच कोरफड कुंडीत लावून रोज पाणी घातले, तर श्रावणात बुडापासून का कुजते?

कोरफड, पानफुटी, निवडुंग, शेर, घायपात, चिनी गुलाब ही सारी मांसल झाडे. पाण्याचा साठा ती पानात नाहीतर खोडात करतात. बहुतेक झाडे दिवसा पानांची बारीक छिद्रे उघडून हवा घेतात आणि त्याबरोबर पाणीही गमावतात. यातली बरीचशी झाडे ती छिद्रे रात्री उघडतात. रात्री घेतलेली हवा आम्लाच्या रूपाने साठते, म्हणून पान सकाळी आंबट लागते आणि दुपारनंतर तो आंबटपणा जातो. पानफुटीचा हा गुण बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्याच देशात चाखून ओळखला आणि त्याचे टिपण १८१५ साली छापून आले. आपण मात्र चाखून पाहू नये. कारण पुढे येईल.

खांडबाऱ्याच्या बाजूला उन्हाळा कडक असतो आणि विहिरी तळाला जातात. अशा वेळी ओसरीपुढे हिरवे काही हवे असेल तर ही झाडे सोयीची. पण नवापूर तालुक्याचा हा डोंगरपट्टा पूर्वेकडच्या भागापेक्षा जास्त पावसाचा आहे. म्हणून आपल्याकडे या झाडांची खरी परीक्षा वैशाखात नसते, आषाढ-श्रावणात असते. मृग लागला की कुंड्या पडवीत, पागोळ्यांच्या आत घ्याव्यात. नुसत्या काळ्या मातीत लावू नये. एक घमेले माती, एक घमेले नदीची जाड वाळू, अर्धे घमेले विटांचा चुरा आणि दोन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत, एवढे मिश्रण पुरे. बोटाची दोन पेरे माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, थंडीत पंधरवड्याने एकदा आणि पावसाळ्यात जवळजवळ नाहीच.

कुंड्या विकत आणायची गरज नाही. घर शाकारताना निघालेली नळीची कौले उताणी ठेवावीत आणि दोन्ही टोकांना विटेचा तुकडा चिखलाने बसवावा. पाणी झिरपून जाते, तेच हवे आहे. अशा कौलांची रांग ओट्याच्या कडेला मांडून त्यात चिनी गुलाब लावावा. याची मुळे वरवर असतात, माती फार लागत नाही. फुले ऊन चढल्यावर उघडतात, म्हणून काही जण त्याला ऑफिस टाइम म्हणतात. जागा मात्र उन्हाचीच हवी. सावलीत नुसता पाला वाढतो. तडकलेला माठ आडवा टाकून अर्धा मातीत पुरला आणि तोंडातून चिनी गुलाब बाहेर सोडला, तर माठातून रंग सांडल्यासारखे दिसते. फुटक्या घमेल्यात कोरफड छान वाढते. बुडाला चार-पाच भोके मात्र पाडावीत. उताराच्या अंगणात दगडांची कोरडी ताल असेल तर तिच्या फटीत पानफुटी खोचावी. न्हाणीच्या पाण्यावर यातले काही लावू नये. तिथे अळू आणि केळच बरी.

रोपे शेजारणीकडून मिळतात. कोरफडीची पिल्ले मुळासकट काढावीत. निवडुंगाचे कांडे कापल्यावर लगेच रोवू नये. सावलीत चार-सहा दिवस ठेवून जखम सुकू द्यावी, नाहीतर तिथूनच कुज चढते. पानफुटीचे नुसते पान ओल्या वाळूवर टाकले तरी कडेच्या खाचांतून पिले फुटतात. मुलांना हे जरूर दाखवावे. रोपवाटिकेतून आणलेले झाड पहिल्याच दिवशी भर उन्हात ठेवू नये, पाने भाजतात.

आता महत्त्वाचे. शेर आणि त्रिधारी निवडुंग ही बांधावरची झाडे आहेत. शोभेसाठी ती अंगणात आणण्याची हौस अलीकडे दिसते. माझ्या मते लहान मुले असलेल्या घरात ती आणूच नयेत. त्यांचा पांढरा चीक डोळ्यात उडाला तर असह्य आग होते आणि नजरेला धोका पोचू शकतो. कुंपण छाटताना डोळे झाकतील असा चष्मा घालावा आणि मुलांना लांब ठेवावे. चीक गेलाच तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा. दूध, तूप, काजळ यातले काहीही घालू नये.

पानफुटी जनावरांना विषारी आहे, फुलोऱ्यावर असताना तर अधिकच. शेळी बांधतो त्या बाजूला ती लावू नये आणि छाटलेला पाला गोठ्याकडे टाकू नये. मुतखड्यावर म्हणून पाने खाणारेही भेटतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसे करू नये. कोरफडीचे पान कापल्यावर थोडा वेळ उभे धरावे, म्हणजे पिवळा कडू रस निथळून जातो. तो जोराचा रेचक आहे. गरोदर बाईने तर कोरफड पोटात घेऊच नये.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण समजावा. साबणाच्या पाण्यात चिंधी बुडवून पुसून घ्यावा. घायपात लावायची असेल तर बांधावरच लावावी. तिची काट्याची टोके मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. ती आयुष्यात एकदाच फुलते, उंच दांडा काढते आणि वाळून जाते. रोग पडला म्हणून घाबरू नये, बुडाशी तिची पिल्ले उभी असतात.