पिवळी कॅसेट भंगारात देऊ नका!

भिवंडीकरांनो, माळ्यावर व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट पडलीय का? नव्वदच्या दशकात आपण टीव्हीला जोडायचो ती बहुतेक यंत्रं निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम'च्या नकला होत्या. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. त्याच्या कॅसेटला ६० पिन, त्याच्याच अमेरिकेतल्या आवृत्तीच्या, म्हणजे एनईएसच्या कॅसेटला ७२. त्यामुळे कॅसेट विकत घेताना आधी पिन किती आहेत ते बघा. गेम चालेना की आपण फुंकर मारायचो, ती सवय सोडा. तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा, काळा मळ सुटून येतो. पूर्ण वाळल्यावरच लावा. बंदुकीने 'डक हंट' खेळायचंय? मग जुना डबा टीव्हीही जपा, एलसीडीवर ती बंदूक चालत नाही. कुणाकडे काही सापडलं, तर फोटो नक्की टाका!